कोठाराची किल्ली

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सोलापूर जिल्ह्यात कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. पंधराव्या शतकातला दुष्काळ, बीदरच्या बहमनी सुलतानाचे मंगळवेढ्यातले सरकारी धान्याचे कोठार, आणि ते राखायला नेमलेला अंमलदार. लोक अन्नावाचून मरू लागले तेव्हा दामाजीपंतांनी बीदरहून हुकूम येण्याची वाट पाहिली नाही; कोठार उघडले. सुलतानाने त्यांना धरून आणायला शिपाई धाडले. पंत बीदरला पोचण्याआधी पांडुरंग विठू महाराच्या रूपात दरबारात गेला, धान्याची सगळी किंमत मोजून दिली आणि रीतसर पावती घेतली. महिपतींनी भक्तिविजयात ही कथा सांगितली आहे. तिच्यात इतिहास किती आणि श्रद्धा किती, हा वाद मला येथे घालायचा नाही. ज्या समाजाने ती शतकानुशतके जपली त्याने तिच्या पोटात एक अवघड प्रश्न जपला आहे. कोठार सरकारचे, भूक रयतेची आणि मध्ये नियम. नियम मोडणाऱ्याला आपण संत म्हणतो. पण कथेचे तेवढ्याने समाधान होत नाही. धान्याचे पैसे कोणीतरी भरल्याशिवाय ती संपत नाही. तिला पावती लागते.

युरोपचा संघ गेली पंधरा वर्षे याच प्रश्नापाशी अडखळतो आहे. १९५१ मध्ये सहा देशांनी कोळसा आणि पोलाद एका छत्राखाली आणले, १९५७ च्या रोमच्या कराराने बाजार एक करायचे ठरवले, १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने सामाईक चलनाचा पाया घातला आणि २००२ च्या जानेवारीत बारा देशांतल्या लोकांच्या हातात एकच युरो आला. पण मास्ट्रिख्टच्याच करारात असेही लिहिले होते की कोणत्याही सदस्य देशाचे कर्ज संघ किंवा दुसरा देश आपल्या डोक्यावर घेणार नाही. नाणे एक, व्याजाचा धोरणदर एक, संकट मात्र ज्याचे त्याने निस्तरायचे. २००९ च्या अखेरीस ग्रीसच्या सरकारी हिशेबातली खरी तूट बाहेर आली तेव्हा कळले की कोठार बांधले आहे, पण ते उघडायचा अधिकार कोणालाच दिलेला नाही. अर्थशास्त्रज्ञ याला चलनसंघाच्या रचनेतला दोष म्हणतात, आणि तो आहेच. तरी त्याच्या तळाशी मला धर्माचा प्रश्न दिसतो. धर्म म्हणजे धारण करणारा, धरून ठेवणारा, हा जो या शब्दाचा जुना अर्थ आहे त्या अर्थाने. एका व्यवस्थेत नांदणारी माणसे संकटात एकमेकांचे काय देणे लागतात? जो संघ याचे उत्तर संकट येण्याआधी आणि हक्काच्या भाषेत लिहून ठेवत नाही, त्याला दर खेपेला एका दामाजीची आणि एका चमत्काराची वाट पाहावी लागते. चमत्कार झाला नाही की पैसे सगळ्यांत दुबळ्याकडून वसूल होतात. युरोपचे पुढे काय होणार, हे मला या एका गोष्टीवर ठरताना दिसते.

हा विचार सोलापुरातून करण्याला कारण आहे. भवानी पेठेतून तुळजापूरच्या रस्त्याला लागले की आज तासाभरात देवीच्या पायरीशी पोचता येते, आणि कोजागरीला लाखो माणसे ही वाट पायी चालतात. १९४८ पर्यंत मात्र तामलवाडी आली की राज्य बदलत असे. सोलापूर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात, तुळजापूर निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. पलीकडे नाणे वेगळे, हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा ब्रिटिश कलदार असा हिशेब. मालावर जकात घेणारे खातेही वेगळे, त्याचे नाव करोडगिरी. आणि या हद्दीच्या दोन्ही बाजूंना माणसे तीच होती. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या. पूर्व भागातल्या पेठा ज्या पद्मशाली विणकरांनी वसवल्या ते निजामाच्या तेलंगणातून पोटासाठी आले, माग आणि तेलुगू भाषा बरोबर घेऊन. नाणे एक होणे, जकात उठणे, कामासाठी हद्द ओलांडता येणे आणि शेवटी एकाच विधिमंडळासाठी मत देणे, ज्याला युरोपात एकात्मीकरण म्हणतात त्यातले सगळे या परिसराने एका पिढीच्या आयुष्यात पाहिले आहे. ते कसे घडले आणि त्यात काय राहून गेले, याचा पुरावा आपल्या दाराशी आहे.

पहिला पुरावा मात्र त्याच्याही आधीचा, दुष्काळाचा. १८७३–७४ मध्ये बिहार–बंगालात पीक बुडाले. मदतीचा कारभार सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे होता. त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हाताने वाटला, आणि भूकबळी जवळपास पडले नाहीत. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळायला हवी होती. मिळाली ती उधळपट्टीची टीका. तीनच वर्षांनी दख्खनेत दुष्काळ पडला, सोलापूर त्याच्या तोंडाशी होते, आणि सरकारचे प्रतिनिधी म्हणून त्याच टेंपलसाहेबांची रवानगी झाली. या वेळी त्यांनी हात आखडला. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, एवढ्यावर त्यांनी मजुरी आणून ठेवली. जास्त दिले तर लोक सरकारी मदतीवर विसंबून राहतील, असा त्यामागे विचार होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने कामावरच्या मजुरांचे हाल कळवणारी पत्रे सरकारला पाठवली आणि मजुरांनी कमी केलेली मजुरी नाकारून कामे सोडली. १८७६ ते १८७८ या काळात देशात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. दोन्ही वेळा माणूस एकच होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. टेंपल १८७४ मध्ये दयाळू आणि १८७७ मध्ये निर्दय झाले, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. पहिल्या वेळी त्यांनी कोठार उघडले आणि पैसे कोण भरणार हे आधी ठरलेले नसल्यामुळे दोष त्यांच्या माथी आला. दुसऱ्या वेळी त्यांनी तो धडा गिरवला. व्यवस्था एकाच माणसाच्या पुण्याईवर ठेवली की ती अशी फिरते.

त्यानंतरच्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. कोणत्या खुणा दिसल्यावर कामे काढायची, किती मजुरी द्यायची, खर्च कशातून करायचा, हे आधी लिहून ठेवायचे, ही तिच्यामागची कल्पना. संहितेने दुष्काळ थांबवले नाहीत. शतक संपता संपता आलेल्या दोन दुष्काळांत पुन्हा अगणित माणसे गेली, कारण कागदावरचे कर्तव्य निभावून घेण्याची ताकद रयतेच्या हातात नव्हती. ती ताकद मतपेटीतून आली, आणि तिचा खरा परिणाम १९७२ च्या दुष्काळात दिसला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलाव खोदणाऱ्या या माणसांची जी व्यवस्था तेव्हा झाली तिला पुढे कायद्याचे रूप आले. वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायदा झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. तिच्यासाठी पैसा उभा केला तो मुख्यतः नोकरदार आणि व्यावसायिकांवर बसवलेल्या व्यवसाय करातून. मुंबईतल्या कचेरीत पगार घेणाऱ्या माणसाच्या पगारपत्रकावर दर महिन्याला काही रुपये कापले जात, आणि सांगोल्यातल्या किंवा करमाळ्यातल्या बाईला काम मागण्याचा हक्क मिळे. त्या दोघांची कधी भेट होत नव्हती. कोणी कोणाचे आभार मानत नव्हते. हजेरीपटावरच्या खोट्या अंगठ्यांपासून वेळेवर न मिळालेल्या मजुरीपर्यंत या योजनेत दोष पुष्कळ निघाले, ते लपवण्याचे कारण नाही. पण दुष्काळ पडेल तेव्हा पैसे कोण भरणार हे दुष्काळाच्या आधी ठरले होते. दामाजीला आता नियम मोडावा लागणार नव्हता.

सोलापूरच्या मातीत या व्यवस्थेसाठी जुने शब्द आहेत. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी येथे तलाव खोदवला आणि अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. त्यांच्या आणि मंगळवेढ्याशी नाते सांगणाऱ्या बसवेश्वरांच्या शरण परंपरेने दोन कल्पना जोडीने मांडल्या, कायक आणि दासोह. कायक म्हणजे प्रामाणिक कष्ट, जे प्रत्येकाला करायचे आहेत, गुरूलाही चुकलेले नाहीत. दासोह म्हणजे त्या कष्टाच्या मिळकतीतला वाटा सर्वांच्या पंगतीत ठेवणे, आणि तोही ‘मी दिले’ ही भावना मनात न आणता. दान आणि दासोह यांत हाच फरक आहे. दानात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. दासोहात देणारा आपले देणे फेडत असतो. कायकावाचून दासोह नाही, हे या परंपरेने स्पष्ट सांगितले, आणि दासोहावाचून कायक पुरे होत नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगितले. रोजगार हमीत ही दोन्ही अंगे होती. काम मागणाऱ्याने काम करायचे आणि कमावणाऱ्याने त्याचा खर्च उचलायचा.

आता ग्रीसकडे वळू. २०१० च्या मे महिन्यात त्या देशाला एकशे दहा अब्ज युरोंचे कर्ज देण्याचे ठरले. त्याच्या अटी युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी मिळून घातल्या. पैशाचा मोठा भाग जुनी कर्जे फेडण्यात, म्हणजे आधी उसने देणाऱ्या बँकांकडेच परत गेला. २०१२ मध्ये किमान वेतन एका फटक्यात २२ टक्क्यांनी उतरवले गेले, निवृत्तिवेतने पुन्हा पुन्हा कापली गेली. २०१३ मध्ये काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या दर चारांतला एकाहून अधिक माणूस बेकार होता आणि संकटाच्या काळात देशाचे उत्पन्न सुमारे एक चतुर्थांशाने आटले. दोन महायुद्धांमधली महामंदी सोडली तर युद्ध नसताना एखाद्या प्रगत देशाची अशी पडझड क्वचितच झाली आहे. दामाजींच्या कथेत पांडुरंगाने सरदाराचे किंवा सावकाराचे रूप घेतले नाही, गावकुसाबाहेरच्या विठू महाराचे घेतले, यात मला कथेची सगळ्यांत खोल समजूत दिसते. राजधानीपर्यंत बिल शेवटी कोणाच्या खांद्यावरून जाते, हे तिला ठाऊक होते. कथेत त्या माणसाच्या रूपात देव होता. अथेन्समध्ये निवृत्तिवेतनावर जगणारा म्हातारा आणि पदवी घेऊन घरी बसलेला तरुण यांच्या पाठीशी कोणी नव्हते.

यावर पहिला आक्षेप जर्मनीतून आणि नेदरलँड्समधून घेतला गेला, आणि तो हलका नाही. ग्रीसच्या सरकारांनी तुटीचे आकडे खोटे दाखवले, कर बुडवणाऱ्यांना सांभाळले, स्वस्त व्याजाने मिळेल तेवढे कर्ज उचलले. त्यांचा भार काटकसरीने राहणाऱ्यांनी का उचलावा? एकदा उचलला की सगळेच बेफिकीर होतील. यातला पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. दामाजीपंतांनी कोठार सर्वांसमक्ष उघडले होते. हिशेबाच्या वहीत धान्य आहे असे लिहून ते विकले नव्हते. खोटा हिशेब हा कायकाचा भंग आहे आणि त्याला शिक्षा असली पाहिजे. पण शिक्षा कोणाला, हे नीट पाहायला हवे. ज्यांनी आकडे फिरवले आणि ज्यांनी ते न तपासता कर्ज दिले त्यांच्या वाट्याला तिचा सगळ्यांत लहान हिस्सा आला. ग्रीक माणूस आळशी, हे तर खरेच नाही. वर्षभरातल्या कामाच्या तासांची तुलना केली तर तो जर्मन माणसापेक्षा कितीतरी अधिक तास राबतो. आक्षेपाचा दुसरा भाग, मदत दिली की लोक विसंबून राहतात, तो १८७७ मध्ये टेंपलसाहेबांनी मांडलेलाच आहे, आणि त्याचा निकाल दख्खनच्या माळावर लागला. बेफिकिरी रोखायचा रस्ता आधी घातलेल्या नियमातून जातो, संकटात उपाशी ठेवण्यातून जात नाही. हिशेब दर वर्षी खुला तपासा, कर नीट वसूल करा, आणि मग कोठारावरचा हक्क निर्विवाद ठेवा. जर्मनांच्या भाषेत कर्ज आणि अपराध या दोहोंना एकच शब्द आहे, याची आठवण त्या काळात पुष्कळांनी काढली. आपल्याकडे ‘ऋण’ हा शब्द देवाचे, ऋषींचे, पितरांचे देणे सांगतो. जन्मलेला प्रत्येक माणूस ऋणी आहे, आणि त्यात लाज नाही. जर्मनीलाही हा अर्थ अपरिचित नव्हता. १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचे परदेशी कर्ज जवळपास निम्म्याने माफ झाले, आणि त्या करारावर सही करणाऱ्या धनको देशांत ग्रीसही होता.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. रोजगार हमी शक्य झाली कारण मुंबई आणि सांगोला एका समाजाची माणसे आहेत. जर्मन आणि ग्रीक हे एक लोक नाहीत, त्यांची भाषा, त्यांच्या आठवणी वेगळ्या, म्हणून त्यांच्यात दासोह संभवत नाही. आधी एकजीव व्हा, मग एक तिजोरी करा. या युक्तिवादात क्रम उलटा लावला आहे असे मला वाटते. भवानी पेठेत आणि भोवतालच्या पेठांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एका गल्लीत ऐकू येतात. १९३० च्या लष्करी कायद्यानंतर या शहराचे जे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले त्यांची नावे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे अशी आहेत. त्यांच्या घरांतल्या भाषा एक नव्हत्या. हे शहर आधी एकजीव झाले आणि मग एकत्र कामाला लागले, असे घडलेले नाही. गिरणीतली पाळी, संप, दुष्काळ, प्लेग एकत्र सोसता सोसता आपलेपणा आला. भाषेची ओढ खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी प्राण दिले, आणि ज्या सीमावादात महाजन आयोगाने अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा मुलूख तेव्हाच्या म्हैसूरला द्यावा असे सुचवले तो आजही सर्वोच्च न्यायालयात आहे. माणसाला आपल्या भाषेत राज्य हवे असते. पण या वादाच्या कोणत्याही बाजूने नाणे वेगळे करा, नाके पुन्हा बसवा, दुष्काळात एकमेकांना देऊ नका, असे म्हटलेले नाही. राज्य आपल्या भाषेचे आणि कोठार सर्वांचे, ही दोन्ही एकत्र नांदू शकतात. युरोपला नेमके हेच हवे आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो, कारण तो आपल्यावर उलटतो. तुमची एकी तलवारीने झाली, युरोपची सहीने. मग तुमचा दाखला काय कामाचा? १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरहूनच निघाल्या, नळदुर्गच्या वाटेने, मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या हाताखाली, आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. त्याआधी रझाकारांनी गावेच्या गावे होरपळून काढली होती. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले त्याची चौकशी नेहरू सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने केली. तिने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले. हे झाकून एकात्मतेचे गोडवे गाणे मला मान्य नाही. तलवारीने हद्द पुसता येते, एवढेच यातून सिद्ध होते. हद्द पुसल्यानंतर माणसे एकत्र राहिली ती पुढच्या कंटाळवाण्या कारकुनी कामामुळे, आणि युरोपने पाहायचे ते हे काम. संस्थाने सामील झाल्यावर त्यांचे उत्पन्नाचे मार्ग केंद्राकडे जाणार होते. ती तूट कशी भरायची, हे व्ही. टी. कृष्णम्माचारी समितीने ठरवून दिले, घटनेच्या मूळ २७८ व्या कलमात अशा करारांना दहा वर्षांपर्यंत मुभा ठेवली, आणि १ एप्रिल १९५० पासून आर्थिक एकीकरण सुरू झाले. हाली सिक्का एका रात्रीत बाद झाला नाही. तो कलदाराबरोबर काही वर्षे चालला आणि १९५९ मध्ये पुरता निवृत्त झाला. ज्याचे जाते त्याला आधी भरून द्या, मग त्याच्याकडून एकीची अपेक्षा करा, हा तो धडा. त्याला तलवार लागत नाही.

आणि तरीही आपल्याकडे सगळे नीट झाले, असे म्हणता येत नाही. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १९५३ च्या नागपूर कराराचे आश्वासन घेऊन. तीस वर्षांनी वि. म. दांडेकरांच्या समितीला विकासाचा अनुशेष मोजायला बसावे लागले आणि १९८४ मध्ये तिने तो ३,१८६ कोटी रुपयांचा काढला. घटनेच्या ३७१ (२) कलमाखालची विकास मंडळे १९९४ मध्ये आली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. नेमक्या त्याच वर्षी वस्तू व सेवा कराच्या भरपाईचा प्रश्न पेटला. राज्यांनी आपले कर सोडले ते दर वर्षी १४ टक्के वाढीची हमी पाच वर्षे मिळेल या कायद्याच्या शब्दावर. करोनात वसुली कोसळली तेव्हा २७ ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी याला दैवी घटना म्हटले आणि राज्यांनी कर्ज काढावे असे पर्याय पुढे केले. हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. संकट देवाने धाडले हे मान्य केले तरी पैसे कोणी भरायचे, हे देव सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते, आणि येथे ते कायद्यात ठरलेले होते. लिहिलेला शब्द होता म्हणूनच राज्ये भांडू शकली, आणि ऑक्टोबरात केंद्राने त्यांच्या वतीने एक लाख दहा हजार कोटी रुपये उभे करायचे मान्य केले. शब्द लिहिलेला नसता तर ती याचना ठरली असती.

शेवटचा आक्षेप लोकशाहीचा. पैसे देणारा अटी घालणारच, आणि अटी आल्या की घेणाऱ्याच्या मताला अर्थ उरत नाही. म्हणजे अशा एकीचा शेवट बीदरच्या दरबारात होतो. ५ जुलै २०१५ ला ग्रीसच्या जनतेने ६१ टक्के मतांनी अटी नाकारल्या. त्या वेळी बँकांपुढे रांगा होत्या आणि दिवसाला साठ युरोंहून अधिक काढता येत नव्हते. आठच दिवसांनी त्यांच्या सरकारला जवळपास तशाच, काही बाबतींत अधिक कडक, अटी मान्य कराव्या लागल्या. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर कमी एकीत नाही. मंगळवेढ्याच्या रयतेला बीदरमध्ये मत नव्हते. सांगोल्याच्या मजुराला मुंबईच्या विधानसभेत होते, मुंबईच्या करदात्यालाही त्याच सभागृहात होते. देणारा आणि घेणारा एकाच सभेत बसले की अटी या कायदा होतात, आणि कायदा बदलता येतो. युरोपात ग्रीसचे भवितव्य अर्थमंत्र्यांच्या ज्या अनौपचारिक बैठकीत ठरले तिला एकत्रितपणे कोणी निवडून दिलेले नव्हते. युरोपच्या निवडून आलेल्या संसदेला कर बसवण्याचा अधिकार नाही, आणि संघाचे अंदाजपत्रक सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का आहे. २०१२ मध्ये पाचशे अब्ज युरोंचा स्थैर्यनिधी उभारला गेला हे खरे, पण तो कर्ज देतो आणि किल्ली धनको देशांच्या हातात आहे.

२०२० ने मात्र एक गोष्ट दाखवली. जुलै महिन्यात सलग चार दिवस आणि रात्री वाद घालून सत्तावीस देशांच्या प्रमुखांनी साडेसातशे अब्ज युरोंचा निधी मंजूर केला, त्यातले तीनशे नव्वद अब्ज अनुदान, परत न करण्याचे, आणि त्यासाठी संघाने स्वतःच्या नावावर कर्ज काढायचे ठरवले. ऑस्ट्रिया, डेन्मार्क, नेदरलँड्स आणि स्वीडन या काटकसरी म्हणवणाऱ्या देशांनी रकमा खाली ओढल्या, तरी तत्त्व मान्य केले. दहा वर्षांपूर्वी हे उच्चारणेही अशक्य होते. आजार कोणाच्या चुकीने आला नव्हता म्हणून मन वळले, असे सांगतात. पण दुष्काळही मंगळवेढ्याच्या कोणाच्या चुकीने आला नव्हता, आणि अथेन्सच्या तरुणाने हिशेबाची वही पाहिलीसुद्धा नव्हती. हा निधी एकदाच, अपवाद म्हणून, असे त्याच्या दस्तऐवजात बजावून लिहिले आहे, आणि तेथेच मला भीती वाटते. अपवाद म्हणून उघडलेले कोठार हे पुन्हा दामाजीचे कोठार. त्याला नियमाचे रूप दिले, संसदेच्या ताब्यात ठेवले आणि हिशेब खुला केला, तर युरोपचा संघ टिकेल असे मी मानतो. तसे केले नाही तर पुढच्या संकटात तो पुन्हा सगळ्यांत दुबळ्या घराच्या दारात जाऊन उभा राहील, आणि ती घरे एकेक करून संघाबाहेरची वाट धरतील. २०१६ मध्ये ब्रिटनने, ग्रीसहून कितीतरी सुखी असून, ती धरलीच.

त्या २०२० च्या कर्जाची फेड २०५८ पर्यंत करायची आहे. तोवर, कोणाला आवडो न आवडो, सत्तावीस देश एकाच कर्जखताला बांधलेले आहेत.